रेघ मुरेपर्यंत

बसा.

पाठ भिंतीला टेकलेली असली तरी चालेल. पाय जमिनीला लागू द्या.

डोळे मिटायला सांगितलं असतं, पण मग वाचणार कसं? तेव्हा नुसते सैल सोडा. पापण्यांवरचा ताण जाऊ द्या.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता उजव्या हाताची तर्जनी उचला आणि उजव्या भुवईच्या सुरुवातीला टेकवा. नाकाच्या मुळापाशी, जिथे केस सुरू होतात तिथे.

दाबू नका. नुसती टेकवा.

बोटाखाली केस. केसांखाली कातडी. कातडीखाली हाडाची कड. कड टणक, वरचं सगळं मऊ.

बोट हळूहळू कानाच्या दिशेने न्या. घाई नाही.

सुरुवातीचे केस उभे आहेत, कपाळाकडे चाललेले. थोडं पुढे गेलात की ते आडवे होतात. वरच्या बाजूचे खाली झुकतात, खालच्या बाजूचे वर येतात, आणि मध्यावर दोघांची गाठ पडते. शेपटाशी पोचेपर्यंत सगळे मिळून खाली उतरतात.

इतकी वर्षं हे इथेच आहे. आरशात आपण एक काळी पट्टी बघतो. बोटाला मात्र एकेक केस कळतो.

पुन्हा एकदा. सुरुवातीपासून शेपटापर्यंत.

कुठेतरी बोट मोकळ्या जागेवर येतं. केस नाहीत, नुसती कातडी.

तिथे थांबा.

*

ही जागा का मोकळी झाली, ते तुम्हाला ठाऊक असेल. कॉलेजात असताना दर पंधरा दिवसांनी पार्लरमध्ये दोरा फिरला, आणि बारीक भुवयांची फॅशन गेल्यावर केस काही परत आले नाहीत. थायरॉइडने शेपटाकडचा भाग विरळ केला. चाई पडली. केमोथेरपीत गेले. लहानपणी उंबऱ्याला अडखळून पडलात, टाके घातले, त्या वणावर पुन्हा उगवलं नाही. किंवा काहीच झालं नाही, वय झालं.

कुष्ठरोगात भुवया झडू शकतात. औषधाने आजार पूर्ण बरा होतो, तरी कोऱ्या भुवयांवरून गावाला तो दिसत राहतो. अशा माणसाला भुवईची रेघ म्हणजे बाजारातून मान वर करून चालता येणं.

कारणाचा निवाडा आज करायचा नाही. फक्त एक. केस अलीकडेच, अचानक गेले असतील तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. भुवईत रंग भरण्याचं नंतर.

बोट अजून तिथेच आहे?

असू द्या.

2003 साली अमेरिकेत एमआयटीमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध माणसांचे फोटो घेतले. काहींतले डोळे पुसले, काहींतल्या भुवया. मग लोकांना विचारलं, हा कोण? डोळे नसलेले चेहरे लोकांनी जास्त ओळखले. भुवया नसलेल्या चेहऱ्यांपाशी ते अडले.

आपल्या माणसाला आपण कशावरून ओळखतो, हे आपल्यालाच ठाऊक नसतं.

बोट खाली घ्या. त्या जागेवर बोटाची ऊब अजून आहे. ती जाईपर्यंत तिच्यापाशी राहा.

*

आता एका खोलीत चला.

तुम्ही मायक्रोब्लेडिंग करायला, म्हणजे भुवईत केसांसारख्या रेघा ओढून त्यांत रंग भरून घ्यायला आला आहात. कदाचित पुढच्या आठवड्यात खरोखरच जाणार आहात, कदाचित कधीच नाही. दोन्ही चालेल.

एसीचा बारीक आवाज. स्पिरिटचा वास. पलंगावर अंथरलेला कागद.

हे काम करणाऱ्या ताई एक फॉर्म पुढे करतात. गरोदर आहात? बाळ अंगावर पितं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? साखर ताब्यात आहे? जखमेचा वण फुगून मोठा होतो का? मुरमांसाठी गेल्या काही महिन्यांत आयसोट्रेटिनॉइन घेतलंत? कपाळात बोटॉक्स?

प्रत्येक प्रश्नापाशी एक श्वास. उत्तर खरं द्या. एखाद्या उत्तरामुळे परत फिरावं लागलं तर परत फिरा. कपाळ कुठे पळून जात नाही.

रंगाचा ठिपका दोन दिवस आधी कानामागे लावून पाहिलेला आहे. खाज नाही. लाली नाही.

मग ताई म्हणतात, "बसूनच राहा हं."

बसूनच. आडवं पडलं की कपाळाची कातडी मागे ओघळते आणि भुवई जागा सोडते. आखणी करायची ती उठत्या-बसत्या, चालत्या-बोलत्या चेहऱ्यावर.

दोरा येतो. रंग लावलेला, ताणून धरलेला. कपाळाला टेकतो, उचलला जातो, मागे बारीक रेघ राहते.

नाकपुडीच्या कडेवरून सरळ वर, इथून भुवई सुरू. नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरपी, इथे कमान सर्वांत उंच. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून आणखी तिरपी, इथे शेपूट संपतं.

तीन रेघा. तुमच्याच नाकाडोळ्यांतून निघालेल्या.

"कपाळ सैल सोडा," ताई म्हणतात.

तुम्हाला वाटतं, सैलच तर आहे.

बघा बरं. दोन भुवयांच्या मध्ये. तिथे एक छोटा स्नायू भुवयांना आत ओढून धरतो, आठी तोच घालतो. कपाळभर पसरलेला दुसरा त्यांना वर उचलतो. दोघांना दिवसभर उसंत नसते. गॅस बंद केला का, लोकल मिळेल का, पोरीचा फोन का आला नाही.

आठी सोडा.

पुन्हा सोडा. पहिल्यांदा सुटते ती वरवरची.

उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर असेल. बोलताना तीच आधी उडत असेल. ताई ते बघताहेत. आठी घातलेल्या कपाळावर आखलेली भुवई, आठी गेली की वाकडी दिसते. म्हणून त्या थांबल्या आहेत. चेहरा निवळायची वाट बघताहेत.

निवळायला वेळ लागतो. लागू द्या.

मग आरसा हातात येतो.

दोन-अडीच तासांतलं सगळ्यांत मोलाचं काम माझ्या मते हेच, आणि नेमकं तेच उरकलं जातं. बाहेर पुढची बाई ताटकळलेली असते, ताई "छान दिसतंय ना" म्हणतात, आपण मान हलवतो. संकोच करू नका. आरसा जवळ धरा, लांब धरा. हसून बघा. रागावून बघा. चष्मा असेल तर चष्मा लावून बघा. इथवरचं सगळं ओल्या कापसाने पुसता येतं.

यापुढचं नाही.

*

रंगाच्या बाटल्या. एकीतला थेंब ताई कपाळाला लावून बघतात.

हा रंग कातडीवर बसणार नाही. आत बसणार आहे. त्याच्यावर तुमच्या स्वतःच्या रंगाचा एक थर कायम असणार, आणि सगळे तो त्या थरातूनच बघणार.

आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असेल तर आठवा. गोंदणारीने भरली होती काजळी, काळी. पण इतक्या वर्षांनी दिसतं ते हिरवट, निळसर. काळं आतच आहे. कातडीतून बाहेर दिसताना ते निळं होतं.

ते गोंदण डोळ्यांसमोर थोडा वेळ राहू द्या.

सावळ्या कपाळासाठी रंग निवडताना म्हणूनच नुसतं केसांकडे बघून भागत नाही. कार्बनचा काळा पुढे राखाडी-निळसर होऊ शकतो. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी पुढे तांबूस होऊ शकतात. बाटलीत काय आहे ते विचारा. मन अडखळलं तर एक छटा फिकी घ्या. गडद नंतरही करता येतं.

कातडी तेलकट असेल तर ताई रेघांऐवजी मशीनने बारीक ठिपके सुचवतील. पावडर ब्रो म्हणतात ते. तेलकट कातडीत रेघा पसरतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यांचं ऐका.

सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फुटतं. फाटल्याचा आवाज ऐका. हातमोजे नवे आहेत. ते नसतील, किंवा पाकीट आधीच उघडलेलं असेल, तर उठा आणि घरी जा. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, सगळी सुईवरून जातात. तिथे शांत पडून राहण्यात काही राम नाही.

सगळं ठीक आहे. पाठीवर पडा.

बधिर करणारं मलम भुवयांवर आहे. वरून प्लास्टिकचा पातळ कागद. वीस-तीस मिनिटं काहीही करायचं नाही.

आधी गारवा. मग किंचित चुरचुर. मग कडा हरवत जातात. भुवई कुठे सुरू होते ते आतून कळेनासं होतं.

तिला आतून शोधा.

सापडत नाही. शोधत राहा.

श्वास मात्र सापडतो. पोटाशी, नाकपुड्यांशी. आत. बाहेर.

*

मलम पुसलं जातं. ताई दोन बोटांनी कातडी ताणून धरतात.

पहिली रेघ.

आधी ती ऐकू येते. चर्र. शेजारच्या खोलीत कुणी नवं सुती कापड फाडावं तसा आवाज, पण कपाळाच्या हाडातून आलेला. मागून ओरखड्याची जाणीव. डोळ्यात आपोआप पाणी.

हे रडू नाही. भुवईपाशी टोचलं की डोळा पाणावतो. वाहू द्या.

दुसरी रेघ.

ताईंच्या हातात एक दांडी आहे, तिच्या टोकाला ओळीने बसवलेल्या बारीक सुया. गोंदणारीही सुया एकत्र बांधूनच टोचायची. फरक आहे तो खोलीचा. चेहऱ्यावर कातडीचा सर्वांत वरचा थर साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड. रेघ त्याच्या जरा खाली उतरते आणि थांबते. गोंदण त्याहून खोल जायचं, म्हणून जन्मभर राहायचं. ही रेघ वर्ष-दोन वर्षांत विरते. चुकून खोल गेली तर रंग पसरतो, व्रण उरतो. कुठे थांबायचं हे ताईंच्या बोटांना ठाऊक असावं लागतं.

ऐका. रेघ ओढताना त्या श्वास रोखतात. रेघ संपली की सोडतात.

तुमचाही श्वास त्यांच्याबरोबर अडकला आहे.

तुम्ही सोडा. त्यांना रोखू द्या.

एक रेघ. थांबा. एक रेघ. थांबा. सुरुवातीला उभी, पुढे आडवी, शेपटाशी उतरती.

यातल्या एकीपाशी राहा. कुठलीही निवडा.

तिच्यात रंग भरला जातो. काही मिनिटं तसाच ठेवला जातो. मग पुसला जातो.

पुसल्यावर उरलं ते कोणी धरलं?

2018 साली फ्रान्समध्ये, मार्सेय इथल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून हे पाहिलं. कातडीत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचा कण दिसला की त्या तो गिळतात. रंगाचा कण त्यांना पचत नाही, तेव्हा त्या तो पोटात घेऊन बसतात. पेशी मरते, कण मोकळा होतो, आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच कण उचलते.

धरणं. सोडणं. पुन्हा धरणं.

कोणी न सांगता.

श्वास घ्या. ताई कापूस बदलताहेत. अजून वेळ आहे.

*

पहिल्या संध्याकाळी आरशात बघू नका म्हटलं तरी तुम्ही बघणार. बघा मग.

गडद. फार गडद. कडा ठसठशीत, भोवती लाली, जराशी सूज. घरात कोणीतरी म्हणेलच, "अगं बाई, हे काय करून आलीस!"

उत्तर देऊ नका. तुम्हालाही तेच वाटतंय.

दिसतो आहे त्यातला काही रंग वरच्या थरातला आहे, काही आतला. वरचा जाणार आहे. पार्लरच्या जाहिरातीत बहुतेक फोटो ताज्या भुवयांचेच असतात, हेही जाता जाता लक्षात घ्या. महिन्यानंतरचे दाखवा म्हणावं.

पुढच्या दहा-पंधरा दिवसांचं भराभर सांगून टाकते. ताईंनी शिकवलं तसं हलक्या हाताने टिपायचं, दिलेलं मलम अगदी थोडं लावायचं. ऊन, वाफ, पोहणं, व्यायामाचा घाम नको. मे महिन्यात मुंबईत घाम टाळायचा म्हणजे काय, ते मुंबईकरांना सांगायला नको. न्हाताना शाम्पू भुवयांवर उतरू द्यायचा नाही. घरात लग्न असेल तर हळद तिथे लागू द्यायची नाही. खरं तर लगीनसराईच्या दोन महिने आधीच हे होऊन जायला हवं. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू दिसला, ताप आला तर थेट डॉक्टर.

झालं. आता परत सावकाश.

चौथा-पाचवा दिवस. खपली धरते. बारीक कोंडा सुटतो. खाज येते.

हात वर जातो.

हाताकडे बघा. तो अजून वाटेतच आहे.

इथेच थांबा, हात आणि कपाळ यांच्या मधल्या जागेत. खाज नक्की कुठे आहे? एका ठिकाणी आहे, की सरकते? वाढते का? वाढून पुढे काय होतं?

बघत राहा.

खपली ओढली तर तिच्याबरोबर रंग निघतो आणि तेवढी जागा कोरी राहते. हे ठाऊक असूनही हात जातो. त्याच्यावर चिडू नका. खाली आणा. मांडीवर ठेवा.

थोड्या वेळाने तो पुन्हा निघेल.

पुन्हा खाली आणा.

*

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, एका सकाळी, खपल्या गळून गेलेल्या असतात. तुम्ही आरशात बघता.

रंग नाही.

काही रेघा पुसट, काही दिसतच नाहीत. एवढे पैसे, एवढा जाच. ताईंना मेसेज करायला फोन उचलता.

फोन खाली ठेवा.

मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात मुक्काम करावा अशी जागा हीच.

जखमेवर नवी कातडी आली आहे. ती अजून दुधट आहे, गढूळ आहे. तिच्याखालचं नीट दिसत नाही. रंगाचा काही भाग खरोखर गेला आहे. किती गेला, ते आज कळणार नाही.

न कळण्यापाशी बसा.

श्वास आत. श्वास बाहेर.

पेन्सिलने भरून टाकावं असं वाटतं. आज राहू द्या. आहे त्या चेहऱ्याने बाहेर पडा. भाजी आणा. ऑफिसला जा. कोणाच्या लक्षात येतं ते बघा. कोणी विचारलं तर सांगा, अजून मुरायचंय.

कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. तळाशी पेशी जन्मते. वर वर सरकते. चपटी होते. गळून जाते. तुम्ही गवार मोडत असताना. तुम्ही झोपेत असताना. तिला सुट्टी नाही.

तुम्हाला यात काही करायचं नाही.

तिसरा आठवडा. रेघ दिसते आहे का? भास असेल.

थांबा.

चौथा. शेपटाशी काहीतरी आहे.

थांबा.

पाचवा. आहे.

पहिल्या संध्याकाळहून कितीतरी फिकी. मऊ. कडा विरघळलेल्या. शेजारचा खरा केस कुठला आणि ही रेघ कुठली, हे चटकन सांगता येऊ नये इतकी.

तिच्याकडे बघा. बघताना आठी पडली असेल तर सोडा.

काही रेघा आल्याच नाहीत. त्या जागाही बघून ठेवा.

*

सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तीच खोली. ही दुसरी बैठक आधीपासूनच ठरलेली असते. पहिल्या वेळी काही बिघडलं म्हणून ती नाही.

ताई जवळ येऊन बघतात, कातडीने काय ठेवलं, काय टाकलं. दोन कपाळं सारखं ठेवत नाहीत. एकाच कपाळाच्या दोन बाजूही ठेवत नाहीत.

त्या बघताहेत तोवर दोन गोष्टी. या रंगात लोह असू शकतं, त्यामुळे पुढेमागे एमआरआयची वेळ आली तर तिथल्या माणसाला आधी सांगायचं. आणि रंग फिका होत जाणार. उन्हात वावर जास्त असेल, चेहऱ्याला रेटिनॉल लावत असाल, तर लवकर. तेव्हा पुन्हा यायचं की नाही, ते तेव्हा. रंगावर रंग चढवत गेलं की रेघा बुजतात आणि नुसता ठोकळा उरतो. अशी भुवई लोकलमध्ये समोरच्या बाकावर तुम्हीही पाहिली असेल.

"अजून थोडं गडद करू का?" ताई विचारतात.

हो म्हणायला तोंड उघडतं.

थांबा. उठून बसा. खिडकीपाशी जा. ट्यूबलाइटचा उजेड नको, दिवसाचा हवा. आरसा धरा. चेहरा निवळू द्या. एका रेघेकडे बघा. मग दुसरीकडे. मग जिथे काही उमटलं नाही, त्या जागेकडे.

ताई थांबतील. मागची बाईही थांबेल.

बघून झालं की बोट ठेवून सांगा, "इथे दोन-तीन रेघा. बाकी आहे तसं असू दे."